कवठाळे सर आणि मेंदूतला बाजार

कवठाळे सर भेटल्यावर कुणालाही "बरं आहे का" असं विचारत नसत. ते विचारत, "काही झालं तर न्हाई ना?" समोरच्याचं काहीही झालेलं नसलं तरी या प्रश्नाने तो क्षणभर स्वतःला चाचपून बघे. नवीन लागलेले प्राध्यापक तर आडोशाला जाऊन घरी फोन करत आणि सगळे नीट आहेत ना, याची खात्री करून घेत.

नांदेडच्या आमच्या कॉलेजात ते इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे प्रभारी प्रमुख होते. कायमचा प्रमुख नेमावा असं संस्थेच्या मनात कधी आलं नाही, त्यामुळे सर वर्षानुवर्षं प्रभारीच राहिले आणि आम्ही त्यांच्यामागे त्यांना 'काळजीवाहू सरकार' म्हणू लागलो. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणा की," ते म्हणायचे, "सरकार पडलं म्हणजे कळंल." प्रयोगशाळेला कुलूप लावलं की ते फाटकापर्यंत जात आणि तिथून परत येऊन कुलूप ओढून बघत. मग पुन्हा फाटकापर्यंत जात आणि शिपायाला पाठवत. शिपाई कोपऱ्यावर उभं राहून दोन मिनिटं गार वारा खाई आणि येऊन सांगे, "लागलंय सर."

मी मुदखेडहून रोज रेल्वेने यायची. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत सरांचा फोन ठरलेला. गाडी आली का, बसायला जागा मिळाली का, उतरलात का. माझे वडील गमतीने म्हणत, "तुझ्या सरांना सांग, पोरगी पोचली, पावती पाठवतो." मला आधी त्याचा राग यायचा. मी काही पहिलीतली पोर नव्हते, पस्तिशीची बाई होते आणि मला शिकवायला माझा स्वतःचा वर्ग होता. पण पावसाने एकदा गाडी मध्येच अडकली, घरच्यांच्याही आधी सरांनी स्टेशनात फोन करून चौकशी केली, तेव्हापासून मी चिडणं सोडलं.

मी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होते. डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लाटांची नोंद घेतात, दवाखान्यात जिला ईईजी म्हणतात, तिच्यातून एन्ट्रॉपी काढायची, असा आमचा विषय. एन्ट्रॉपी म्हणजे काय हे सांगताना पुस्तकं हमखास अवघड होतात. सर फळ्यावर एकही सूत्र न लिहिता सुरुवात करत.

"बाजारात जाऊन उभं राहा अन् डोळे मिटा," ते म्हणत. "पुढच्या घडीला कोण काय ओरडंल, सांगता येतं का? कुणी कांदे म्हणंल, कुणी मेथी म्हणंल, कुणी भांडंल. आता झेडपीच्या शाळेत जा. पोरं पाढे म्हणून राहिलीत. बे एके बे, बे दुणे चार. पुढं काय येणार? आपल्याला आधीच माहीत हाय. जितकं पुढचं सांगता येतं तितकी एन्ट्रॉपी कमी. धडधाकट जाग्या माणसाच्या मेंदूत बाजार भरलेला असतो. मिरगीचा झटका येतो तेव्हा तिथल्या पेशी एका सुरात पाढे म्हणायला लागतात. बाजार मोडून शाळा कुठं भरली, ते आपण आकड्यावरून वळखायचं."

एखादं हुशार पोरगं विचारायचंच, "म्हणजे सर, आकडा जितका मोठा तितकं चांगलं?"

सर या प्रश्नाची वाट बघत असायचे. "दोन ठेसनांच्या मधी रेडिओ लावला की काय येतं? खरखर. तिचं पण पुढचं सांगता येत न्हाई, म्हणून तिचा आकडा लई मोठा येतो. पण त्या खरखरीत माणूस हाय का? आकड्याला डोळे नसतात. आधी लाटा बघायच्या, मग आकडा काढायचा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते सुरू झालं की मी माझ्या टेबलावरची आवराआवर करून घ्यायची.

आमच्याकडे येणाऱ्या नोंदी गावातल्या मेंदूच्या एका डॉक्टरांकडून यायच्या, नावं काढून, नुसते क्रमांक टाकून. बाकी संशोधकांना तेवढं पुरतं. सरांना पुरत नसे. पडद्यावर एकेक पान सरकवत ते लाटा बघत आणि बोलत राहत, "हा माणूस जागा होता का? डोळे मिटलेले होते का उघडे? हितं गिळलंय बघा त्यानं. हितं घाबरलाय." एकदा एका नोंदीतला आकडा भलताच खाली आला. सर दोन दिवस डबा नुसता उघडून बंद करत होते. शेवटी न राहवून दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना विचारलं, त्या क्रमांकाच्या माणसाचं पुढे काय झालं. डॉक्टर हसले. तो बाबा तपासणीच्या खाटेवर गाढ झोपला होता. गाढ झोपेतही आकडा खाली जातो, हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं. परत येऊन ते म्हणाले, "झोपला होता हो. घोरत होता म्हणे." आणि मग त्यांनी सगळा डबा संपवला.

दुसरी एक गोष्ट आठवली की मला अजून हसू येतं. धडधाकट माणसांच्या नोंदी हव्या होत्या, म्हणून विभागातल्या आम्ही सगळ्यांनी आपापली डोकी डॉक्टरांच्या स्वाधीन केली. सरांची पाळी आली. त्यांना खुर्चीत बसवून तारा लावल्या आणि तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "सर, डोळे मिटा अन् शांत बसून राहा." सरांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने तंत्रज्ञ म्हणाला, "सर, दात सोडा." सरांनी दात सोडले, पण कपाळाला आठ्या घातल्या. कपाळ सोडलं तर खांदे आवळले. पुढचा अर्धा तास तंत्रज्ञ बिचारा एकेक अवयव सोडवत बसला. आमच्या सगळ्यांत मोठा आकडा सरांचा आला. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनी लाटा बघितल्या आणि म्हणाले, "हा मेंदू न्हाई, हा जबडा हाय. काढून टाका मला यातून." शांत बसलेल्या माणसांच्या यादीतून प्रमुखांचं नाव असं कमी झालं.

एवढी काळजी करणाऱ्या माणसाला काळजीचं खरं कारण मिळालं तेव्हा मात्र आम्हाला कुणालाच गंमत सुचली नाही.

सरांना एकच मुलगी, मैथिली. बारावी आणि मेडिकलची प्रवेश परीक्षा यासाठी तिला लातूरला ठेवलं होतं. आमच्या भागात हे नेहमीचंच आहे. मुलाला लातूरला क्लास लावायचा, तिथे एक खोली घ्यायची आणि घरातली एक बाई त्याच्यासोबत डबे करायला पाठवायची. सरांच्या पत्नीची, आमच्या वहिनींची, नोकरी भोकरजवळच्या शाळेत, त्यामुळे त्यांना जाता येईना. मग सरांची थोरली बहीण रेणापूरहून आली. तिला सगळेच अक्का म्हणत. अक्काला मूलबाळ नव्हतं आणि मैथिलीवर तिचा एवढा जीव, की पोरगी अभ्यासाला बसली की ती शेजारच्या खोलीतल्या पोरांना चप्पल वाजवू द्यायची नाही.

अकरावी संपता संपता क्लासमध्ये बाकावरच मैथिलीला झटका आला. मग तपासण्या झाल्या, निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. झटके थांबले, पण गोळ्यांनी तिला पेंग यायची. वाचलेलं राहत नाही, अशी तिची तक्रार. वर्षभर एकही झटका आला नाही, तेव्हा लातूरचे डॉक्टर म्हणाले, पुन्हा एकदा ईईजी काढू, ती चांगली आली तर गोळी हळूहळू कमी करता येते का बघू. परीक्षा तोंडावर आली होती. मैथिलीचे डोळे त्या तपासणीकडे लागले होते आणि सरांचे तर लागले होतेच.

डॉक्टर परगावी गेल्यामुळे तपासणीचा अहवाल आठवड्याने मिळणार होता. पण सरांनी ओळखीने लाटांची फाइल आधीच मागवून घेतली. ती आली त्या दिवशी मी प्रयोगशाळेतच होते. सर संगणकासमोर बसले, उठले, खिडकी लावली, परत बसले. मला वाटलं, आता एकेक पान सरकवत तास-दीड तास लाटा बघतील. त्यांनी फाइल सरळ आमच्या प्रोग्रामला दिली आणि पडद्याकडे पाठ करून उभे राहिले.

"शिंदे मॅडम, काय आलंय ते तुम्हीच वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं. आकडा छान मोठा होता. गेल्या वर्षीच्या तिच्या आकड्यापेक्षा पुष्कळ वर. सर वळले, त्यांनी स्वतः वाचला, पुन्हा वाचला आणि खाली बसले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा असा सैल झालेला पाहिला नव्हता. त्यांनी तिथूनच लातूरला फोन लावला. "चांगलं आलंय म्हणावं तिला," ते म्हणाले, "लई चांगलं आलंय." मलाही आनंद झाला होता आणि त्यांचं नेहमीचं वाक्य त्यांनाच ऐकवावं, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही.

त्यानंतर चार-पाच दिवस गेले. सर त्या दिवसांत अगदी वेगळे होते. कुलूप एकदाच ओढायचे. मला संध्याकाळी फोन आला नाही, तर मीच बेचैन झाले. मग शुक्रवारी दुपारी अक्काचा फोन आला. सरांचे हात कामात होते म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर लावला. अक्का आनंदात होती. पोरगी आता कशी टवटवीत दिसते, रात्री कशी जागून वाचते, हे सांगून झालं आणि मग ती म्हणाली, "अन् चांगलं येणारच होतं रे. मीच तिची टाळू थंड ठिवली होती. तपासायला जायच्या आधी चांगलं वाटीभर तेल जिरवलं डोक्यात."

सरांचे हात थांबले. "अक्का, डोकं धुऊन आणा म्हणले होते की त्यांनी."

"हाव, मग? धुतलं की शिकेकाईनं. लख्ख धुतलं. धुतल्यावर केस कोरडे ठिवायचे का? मेंदूची तपासणी, आन् कोरड्या डोक्यानं न्यायची का पोरीला? लोकं काय म्हणतील."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तारांची टोकं डोक्याच्या कातडीला नीट चिकटली तरच मेंदूतली विजेची हालचाल त्यांच्यापर्यंत पोचते. मध्ये तेलाचा थर आला, की मेंदूचा आवाज अडतो आणि खोलीतल्या पंख्यादिव्यांची, मशिनची स्वतःची खरखर भरून येते. लांब केस, घट्ट वेण्या, त्यात जिरवलेलं तेल. त्या दिवशी दवाखान्यात गर्दीही होती म्हणे, तिथल्या माणसाने जमेल तेवढं पुसून घेतलं आणि उरकलं. अक्काचं तरी काय चुकलं? आमच्या घरांत नहाणं आणि तेल ही एकाच कामाची दोन टोकं. एक सांगितलं की दुसरं सांगावं लागत नाही.

सरांनी लाटा उघडल्या. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दाट, काळी, बारीक खरखर. तिच्याखाली मेंदू कुठेतरी होता, पण आमच्या हाती लागलेला आकडा त्याचा नव्हता. दोन ठिकाणी खरखरीतून काहीतरी टोकदार, मिरगीत येतं तसं, वर आल्यासारखं दिसत होतं. ते खरं होतं की भास, हे सांगता येत नव्हतं. अक्का अजून फोनवरच होती. सरांनी फोनकडे वाकून अगदी हळू आवाजात विचारलं, "अक्का, गोळ्या घेऊन राहिली ना ती?"

"गोळ्या? त्या तर तिनं बंद केल्या की. तूच म्हणला ना, लई चांगलं हाय म्हणून."

गोळी कमी करायची ती डॉक्टरांनी, आणि तीही अनेक आठवड्यांत, पायरीपायरीने. ती एकदम थांबवली तर थांबलेले झटके जोर करून परत येतात. हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं, मैथिलीलाही सांगितलेलं होतं. पण तिच्या वडिलांनी स्वतः आकडा काढून चांगलं म्हटलं होतं आणि तिला झोप न येणारं डोकं हवं होतं. सरांनी तिचा फोन लावला. बंद. क्लासच्या सराव परीक्षेत फोन बाहेर ठेवून घेतात. क्लासच्या ऑफिसात कुणी उचलेना. लातूरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात कळलं की ते परत आले आहेत, पण शस्त्रक्रियेत आहेत, संध्याकाळी बोलतील.

मी म्हटलं, "चला, मी येते." त्यांना एकटं पाठवायची माझी हिंमत नव्हती. वहिनींना सांगू का विचारलं तर म्हणाले, "आत्ता नको. ती शाळेत हाय. तिथून ती काय करणार, नुसती रडत बसंल. पोचल्यावर सांगू."

नांदेड ते लातूर एसटीचा तो प्रवास मला नीट आठवतही नाही आणि विसरताही येत नाही. गाडी लोह्याला थांबली, अहमदपूरला थांबली आणि दर थांब्याला ड्रायव्हर चहाला उतरला की सर उठून उभे राहत. खिडकीपाशी बसून ते फोन लावत होते, ठेवत होते. बोलले ते एवढंच. "मॅडम, परक्या माणसाची नोंद आली की मी पान न् पान बघतो. हिची मला बघवली न्हाई. वाटलं, बघितलं अन् त्यात काही दिसलं तर? म्हणून आकडा काढला. आकडा बघायला धीर लागत न्हाई."

लातूरला उतरून रिक्षाने क्लासवर गेलो तर परीक्षा नुकतीच सुटली होती. त्या गल्लीत एकाच वयाची, एकसारख्या पाठपिशव्या लावलेली शेकडो मुलं बाहेर पडत होती. सर प्रत्येक चेहरा बघत पुढे जात होते. मैथिली मैत्रिणींबरोबर हसत येत होती. आम्हाला बघून ती थांबली आणि तिचा रंग उडाला. बाप असा अचानक दिसला तर काय समजायचं ते तिला कळेना. "आईला काही झालं का?" असं तिने विचारलं.

खोलीवर गेल्यावर सरांनी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. डॉक्टरांचा फोन लागला, त्यांनी पहिल्याच मापाने गोळी लगेच सुरू करा आणि सकाळी घेऊन या, असं सांगितलं. मैथिली गोळी हातात घेऊन बसली होती. "बाबा, तुम्ही आकडा बघितला," ती म्हणाली. "लाटा बघितल्या न्हाईत?"

"न्हाई," सर म्हणाले. "तुझ्या लाटा मला बघवल्या न्हाईत. मी चुकलो."

तिने गोळी घेतली. अक्का दाराशी उभी राहून पदराने तोंड पुसत होती. माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं, असं ती पुटपुटत होती. कुणी तिला काही म्हणत नव्हतं, आणि त्यामुळे तिला जास्त लागत होतं.

पण गोळी अंगात भिनायला वेळ लागतो. दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो. मैथिलीने भाकरीचा तुकडा मोडला आणि तिचा हात तिथेच थांबला. डोळे एका बाजूला वळले. मग ती कलली.

मिरगीच्या शेकडो झटक्यांचे आकडे काढलेल्या माणसाने प्रत्यक्षात झटका कधी पाहिला नव्हता. मीही नव्हता पाहिला. पोरीचं अंग ताठ झालं आणि थरथरायला लागलं, तेव्हा मी मागे भिंतीपर्यंत सरकले, हे कबूल करते. अक्का धावली ती कांदा फोडायलाच. नाकाला लावायला कांदा, नाहीतर चप्पल, आमच्याकडे दुसरं काही कुणाला सुचत नाही. आणि कायम घाबरलेले आमचे सर, ज्यांना डोळे मिटून शांत बसता आलं नव्हतं, ते त्या क्षणी अगदी शांत होते.

"अक्का, कांदा नको. चप्पल नको. दूर व्हा सगळे," ते म्हणाले. त्यांनी ताट बाजूला सारलं, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची मांडी दिली. "मॅडम, घड्याळ बघा." तोंडात बोट घालू दिलं नाही, हातपाय धरू दिले नाहीत. तिच्या तोंडातला घास बोटाने न ओढता तसाच बाहेर गळू दिला. आणि थरथर कमी होईपर्यंत ते तिच्याशी बोलत राहिले. "हाय मी. हितंच हाय. होऊ दे. होईल कमी." ती ऐकत नव्हती हे त्यांना माहीत होतं.

थोड्या वेळाने तिचं अंग सैल पडलं. श्वास मोठा आणि सरळ झाला. सरांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. अक्काने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला, तर तो त्यांना धरता येईना. मग अक्कानेच भावाला लहान पोरासारखं पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी अक्काने मैथिलीचं डोकं धुतलं आणि केस कोरडे मोकळे सोडून तिला नेलं. या वेळी लाटा स्वच्छ आल्या. सरांनी पहिलं पान उघडलं आणि शेवटपर्यंत एकेक बघत गेले, तिच्याशेजारी बसून, तिलाही दाखवत. टोकदार लाटा होत्या. तो भास नव्हता. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, पेंग कमी आणणारी, पण बंद करायचं नाव काढलं नाही. यंदा परीक्षा देऊ नकोस, पुढच्या वर्षी दे, असं वहिनी म्हणाल्या. मैथिली म्हणाली, "पुढच्या वर्षी पण हे असणारच हाय की." सर तिच्या बाजूने उभे राहिले. ते कुठल्याच बाबतीत धोक्याच्या बाजूला उभे राहिलेले मला आठवत नाहीत, पण या वेळी राहिले.

नांदेडला आल्यावर त्यांनी आमच्या प्रोग्राममध्ये एक बदल केला. आता नोंदीचं शेवटचं पान उघडून बघितल्याशिवाय तो आकडा दाखवत नाही. माझे विद्यार्थी त्याला वैतागतात. हे असं का, म्हणून विचारतात. मी त्यांना रेडिओच्या खरखरीचं सांगते, बाकीचं सांगत नाही.

परीक्षेच्या दिवशी मी पुन्हा लातूरला होते. वहिनींनीच बोलावलं होतं. "मला त्या फाटकाशी उभं राहवणार न्हाई, अन् यांना एकटं उभं करवत न्हाई," असं त्या म्हणाल्या आणि अक्काबरोबर खोलीवर थांबल्या. मे महिन्याचं लातूरचं ऊन. केंद्राबाहेर आईबापांची ही गर्दी. कुणी झाडाखाली, कुणी गाडीच्या सावलीत, बहुतेकांच्या तोंडी गेल्या वर्षी किती मार्कांना प्रवेश मिळाला होता आणि यंदा किती लागतील, हेच. सर कुणाशी बोलत नव्हते. आतून कुणी शिपाई बाहेर आला, की ते पुढे सरकत. ॲम्ब्युलन्सचा आवाज कुठूनही आला की त्यांची मान तिकडे वळे. मी त्यांना सावलीत बसायला सांगितलं, तर म्हणाले, "फाटक दिसत न्हाई तिथून."

पेपर सुटला. पोरं बाहेर पडू लागली आणि आईबापांनी चेहऱ्यांवरून पेपर कसा गेला ते वाचायला सुरुवात केली. कोणी हसत येत होतं, कोणी रडत. सर चेहऱ्यांकडे बघतच नव्हते. ते पायांकडे बघत होते. मग मैथिली आली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, थकलेली होती, केस घामाने चिकटले होते, पण ती आपल्या पायांनी, सरळ, गर्दीतून वाट काढत येत होती.

सर होते तिथेच खाली बसले. रस्त्यावर, तापलेल्या डांबरावर, पँट, इस्त्री कशाचा विचार न करता. गर्दी लगेच जमली. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी पाण्याची बाटली काढली, कुणी कांदा आहे का विचारलं. मैथिली वाट काढत आत आली, खाली वाकली आणि त्यांच्या बगलेत हात घातला.

"सरका जरा, हवा येऊ द्या," ती लोकांना म्हणाली. "काही झालं न्हाई त्यांना. माझे बाबा हायेत."

तिने त्यांना उठवलं. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. मी त्यांची पिशवी उचलून मागून चालत होते. पुढे ती दोघं रिक्षाच्या दिशेने सावकाश जात होती, एकमेकांचा हात धरून, आणि कोण कोणाला सांभाळून नेत होतं ते मला मागून सांगता येत नव्हतं.